गोलकीपरचे आठ सेकंद आणि शिट्टीनंतरचा खेळ

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या स्पर्धांत सामना अटीतटीला आला की खरा वाद पेटतो तो खेळ थांबल्यावर. बॉल कुणाचा, भिंत (फ्री किकसमोर उभी राहणारी खेळाडूंची रांग) किती लांब, गोलकीपरनं हातात घेतलेला बॅक पास (आपल्याच खेळाडूनं पायानं मागं दिलेला बॉल) चालतो का, थेट मारलेली फ्री किक गोल धरायची का, यावर दोन्ही बाजूंचे समर्थक मैदानात उतरतात. यातले बहुतेक वाद जुन्या नियमांच्या जोरावर घातले जातात. 2016 आणि 2019 मध्ये नियमांत मोठे बदल झाले, 2025 मध्ये गोलकीपरच्या वेळेचा नियम बदलला, आणि मैदानावर अजून त्याच्या आधीचंच ऐकलेलं चालतं. खालचं सगळं 2025-26 च्या नियमावलीप्रमाणे, अकरा-अकरा खेळाडूंच्या फुटबॉलचं आहे. खेळाडू, संघ सांभाळणारे आणि गावच्या स्पर्धेत शिट्टी हातात घेणारे अशा सगळ्यांसाठी.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. एकाच सामन्यात मराठी, कन्नड, कोंकणी आणि हिंदी कानावर पडतात. कोल्हापूर, गोवा किंवा हुबळी-धारवाडकडचा संघ आला तर रेफ्रीचं बोलणं सगळ्यांना सारखं कळेलच असं नाही. म्हणून रेफ्रीच्या हाताचे इशारे ओळखता आले पाहिजेत, आणि रेफ्रीनंही ते नीट, ठळक दाखवले पाहिजेत.

हात कुठं चालतो, कुठं नाही

पेनल्टी एरिया म्हणजे आपल्या बोलण्यातली मोठी डी. गोलपोस्टच्या आतल्या बाजूपासून दोन्हीकडे 16.5 मीटर आणि मैदानात 16.5 मीटर. तिच्या आत गोलकीपरला हात वापरता येतो. बाहेर आला की तो इतर दहा जणांसारखाच. बाहेर बॉलला हात लावला तर हँडबॉल आणि समोरच्यांना डायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल करता येणारी. त्या हातानं स्पष्ट गोलची संधी हुकवली असेल तर लाल कार्ड.

इथं पाहायचं असतं हात बॉलला कुठं लागला ते. गोलकीपरचे पाय डीच्या आत असून त्यानं पुढं झुकून रेषेपलीकडचा बॉल पकडला तर तो हँडबॉल. उलट पाय बाहेर आणि बॉल रेषेवर असेल तर चालतं, कारण रेष ही डीचाच भाग. पावसात फक्की वाहून गेलेल्या मैदानावर हा निर्णय अंदाजानंच होतो, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. मैदान आखण्याचं शेवटी आहे, ते आयोजकांनी जरूर वाचावं.

बॉल गोलकीपरच्या 'ताब्यात' कधी धरायचा, हेही नक्की ठरलेलं आहे. दोन्ही हातांत आहे, एक हात आणि जमीन यांच्यामध्ये दाबलेला आहे, हात आणि छातीमध्ये आहे, उघड्या तळव्यावर ठेवलेला आहे, तो जमिनीवर टप्पा देतोय किंवा हवेत उडवून झेलतोय, हे सगळं ताब्यात. जमिनीवरच्या बॉलवर एक हात ठेवून पडलेला गोलकीपर असेल तर तो बॉल पायानं हिसकावता येत नाही. समोरच्या फॉरवर्डनं तिथं पाय घातला तर फाऊल. गोलकीपर बॉल सोडत असताना, म्हणजे ड्रॉप किकसाठी हातातून खाली टाकत असताना मध्येच लाथ मारणं किंवा मारायचा प्रयत्न करणं हाही गुन्हा, इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही). बॉल सोडू नये म्हणून अंगावर उभं राहून त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे सरकणाऱ्यालाही तीच शिक्षा. जोरदार फटका नुसता अंगावर आदळून उडाला किंवा त्यानं सेव्ह केला तर तो ताबा धरत नाहीत. त्यामुळं तो बॉल पुन्हा हातानं उचलता येतो, आणि फॉरवर्डलाही त्यावर धावता येतं.

आठ सेकंद

जुन्या काळी चार पावलांचा हिशोब असे. 2000 पासून सहा सेकंद आले, पण चूक झाली तर शिक्षा होती डीच्या आत इनडायरेक्ट फ्री किक. इतकी जड शिक्षा द्यायला रेफ्री कचरत, म्हणून नियम कागदावरच राहिला आणि आघाडीवर असलेले गोलकीपर बॉल पोटाशी धरून वीस-वीस सेकंद लोळत. 2025-26 पासून मुदत आठ सेकंद झाली आणि शिक्षा झाली समोरच्या संघाला कॉर्नर. शिक्षा हलकी झाल्यामुळं रेफ्री ती बिनधास्त देतो. हा बदल आम्हाला अगदी योग्य वाटतो, विशेषतः शेवटच्या दहा मिनिटांत.

मोजणी कशी होते ते गोलकीपरनं पाठ करावं. बॉल हातात स्पष्टपणे ताब्यात आला, आणि कुणी अडवत नाही, की आठ सेकंद सुरू. पहिले तीन सेकंद रेफ्री मनात मोजतो. मग हात वर करून उरलेले पाच सेकंद बोटांनी उलटे मोजतो. म्हणजे रेफ्रीचा हात वर दिसला की आपल्याकडे पाचच सेकंद आहेत. आठ संपले की शिट्टी, आणि गोलकीपर तेव्हा जिथं होता त्याच्या जवळच्या बाजूचा कॉर्नर. पहिल्या वेळी पिवळं कार्ड नाही. वारंवार करत राहिला तर मिळू शकतं.

सराव असा घ्यावा. एकानं क्रॉस टाकायचा, गोलकीपरनं पकडायचा, दुसऱ्यानं मोठ्यानं आठ अंक मोजायचे. एक-दोनमध्ये उठून उभं राहणं. तीन-चारमध्ये डीच्या टोकाकडे दोन-तीन झपाट्याची पावलं आणि त्याच वेळी मान फिरवून दोन्ही विंग पाहणं. पाचव्या अंकापर्यंत निर्णय: मोकळा माणूस असेल तर हातानं जमिनीलगत थ्रो, नसेल तर लांब किक. सहाव्या-सातव्या अंकाला बॉल हातातून गेलेला असावा. आठपर्यंत ताणायची सवयच लावू नये, कारण रेफ्रीची आणि आपली मोजणी अर्ध्या सेकंदानं पुढंमागं होतेच. आठ सेकंद प्रत्यक्षात पुष्कळ असतात. गोलकीपर फसतो तो पकडल्यावर आधी जमिनीवर आडवा होतो म्हणून. तीन सेकंद तिथंच जातात, आणि उठेपर्यंत रेफ्रीचा हात वर गेलेला असतो.

अंगावर कुणी पडलं असेल किंवा समोरचा वाट अडवत असेल तर मोजणी सुरू होत नाही, त्यामुळं घाबरून बॉल भलतीकडे मारू नये.

बॉल जमिनीवर ठेवून पायानं खेळायला लागलात की आठ सेकंदांचा प्रश्न संपला, पण मग तो परत हातात घेता येत नाही. दुसऱ्या कुणाचा स्पर्श होण्याआधी पुन्हा हात लावला तर इनडायरेक्ट फ्री किक. आणि गोलकीपरनं हातानं फेकलेला बॉल कुणालाही न लागता थेट समोरच्या गोलात गेला तर गोल नाही, समोरच्यांना गोलकिक. लहान मैदानांवर आणि वाऱ्याच्या दिवसांत असं घडू शकतं, तेव्हा रेफ्रीला हे माहीत हवं.

बॅक पास

1990 च्या वर्ल्डकपमधला रटाळ वेळकाढूपणा पाहून 1992 मध्ये हा नियम आला. आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं गोलकीपरकडे दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही. पायानं म्हणजे पाऊल किंवा घोटा. गुडघा, मांडी, छाती, डोकं यांनी दिलेला बॉल पकडता येतो. आपल्याच खेळाडूचा थ्रो थेट हातात घेणंही चालत नाही. डिफेंडर क्लिअर करायला गेला आणि बॉल चुकून बुटाच्या कडेला लागून मागं आला, किंवा टॅकल करताना बॉल उडून गोलकीपरकडे गेला, तर तो मुद्दाम दिलेला पास नाही. गोलकीपर पकडू शकतो. ओरडणाऱ्या समर्थकांना हा फरक सांगून उपयोग नसतो. संघनायकाला मात्र ठाऊक असावा.

2019 पासून एक सूट आहे. बॅक पास आला, गोलकीपरनं तो पायानं लांब मारायचा स्पष्ट प्रयत्न केला, पण फटका फसला. मग तो हातानं पकडता येतो. लाल मातीच्या, खडेवाल्या मैदानावर बॉल ऐनवेळी उसळतो आणि बुटाखालून निसटतो, तेव्हा ही सूट गोल वाचवते. प्रयत्न मात्र खरा दिसला पाहिजे.

चलाखी करून हा नियम चुकवता येत नाही. डिफेंडरनं बॉल पायानं स्वतःच्याच डोक्यावर उडवून गोलकीपरकडे हेडर दिला, तर ती मुद्दाम केलेली क्लृप्ती: पिवळं कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक, मग गोलकीपरनं शेवटी हात लावो वा न लावो. गोलकिक किंवा फ्री किकवर हेच केलं तरीही. ही योजना गोलकीपरनं सुरू केली असेल तर कार्ड गोलकीपरला.

साधा बॅक पास हातात घेतला म्हणून कार्ड नसतं, गोल वाचवला असला तरी. फक्त इनडायरेक्ट फ्री किक. 'लाल द्या, लाल द्या' म्हणून रेफ्रीला घेरणाऱ्यांनाच कार्ड मिळण्याची शक्यता जास्त.

डायरेक्ट की इनडायरेक्ट

अंगाशी खेळलेला गुन्हा असेल, म्हणजे लाथ, पाडणं, ढकलणं, धरणं, बेपर्वा टॅकल, किंवा हँडबॉल, तर डायरेक्ट. संघाच्या स्वतःच्या मोठ्या डीत तो घडला तर पेनल्टी. स्पर्श न होता झालेला गुन्हा, म्हणजे कुणाच्या तोंडाजवळ पाय उंच नेणं, बॉल खेळायचा नसताना वाट अडवणं, रेफ्रीशी हुज्जत, ऑफसाइड, आणि गोलकीपरच्या वर सांगितलेल्या चुका, हे इनडायरेक्ट. वाट अडवताना धक्का लागला की तोच गुन्हा डायरेक्ट होतो. कॉर्नरच्या वेळी गोलकीपरसमोर उभं राहणं आपोआप फाऊल नाही, आपल्या जागेवर उभं राहायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण बॉलकडे न बघता गोलकीपर सरकेल तसं सरकत राहिलात तर शिट्टी वाजेल.

इनडायरेक्ट असेल तर रेफ्री एक हात डोक्यावर सरळ वर करतो आणि किक मारल्यावर दुसऱ्या कुणाला बॉल लागेपर्यंत किंवा बॉल बाहेर जाईपर्यंत तो तसाच ठेवतो. हात वर दिसला की थेट गोलात मारायचं नाही. गेला तरी समोरच्यांना गोलकिक. मात्र गोलकीपरची बोटं लागून आत गेला तर गोल, म्हणून काही अनुभवी गोलकीपर असा थेट येणारा बॉल मुद्दाम सोडून देतात. ते धाडस हात स्पष्ट वर दिसत असेल तरच करावं. रेफ्री हात वर करायला विसरला आणि बॉल थेट आत गेला तर किक पुन्हा घेतात. कुठल्याही फ्री किकवरून थेट स्वतःच्या गोलात बॉल गेला तर समोरच्यांना कॉर्नर.

बॉल स्थिर हवा. तो लाथेनं स्पष्ट हलला की खेळात आला. वरून नुसता बूट टेकवून 'मी मारली, आता तू मार' हे चालत नाही. एकदा मारल्यावर दुसऱ्याचा स्पर्श होईपर्यंत मारणाऱ्यानं पुन्हा लावायचा नाही. समोरचे सगळे 9.15 मीटर लांब. आपल्या डीत आपल्याला फ्री किक मिळाली असेल तर समोरचे डीच्या बाहेर. 2019 आधी अशी किक डीबाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. आता हलली की सुरू, आपलाच डिफेंडर डीच्या आत पास घेऊ शकतो.

पटकन फ्री किक घेणं हे आपल्याकडचं सगळ्यात दुर्लक्षित हत्यार. रेफ्रीनं शिट्टीची वाट पाहायला सांगितलेलं नाही आणि बॉल योग्य जागी स्थिर आहे, तर मारायला हरकत नाही. पण जबाबदारी मारणाऱ्याची. जवळ उभा असलेला समोरचा खेळाडू तो बॉल अडवून घेऊन गेला तर खेळ चालू राहतो. मात्र त्यानं बॉलसमोर मुद्दाम उभं राहून किक घेऊच दिली नाही, किंवा बॉल उचलून लांब फेकला, तर पिवळं. 'अंतर द्या' असं रेफ्रीकडे मागितलंत की पटकन किकचा मार्ग बंद; मग शिट्टीशिवाय मारायचं नाही.

भिंत लावणं

इथंच सर्वाधिक गोल जातात. समोरासमोर, गोलपासून 18 ते 22 मीटरवर किक असेल तर चार किंवा पाच जण. कोनातून, डीच्या कोपऱ्याजवळ असेल तर तीन. साइडलाइनकडून असेल तर एक किंवा दोघं, तेही क्रॉसच्या वाटेत. 28-30 मीटरच्या पुढं भिंत लावून माणसं वाया घालवू नयेत. समोर जोरदार पाय असेल तर दोघं पुरेत.

गोलकीपरनं आधी एका वाक्यात आकडा ओरडायचा: 'चार!' मग भिंतीनं एक बाजू झाकायची आणि गोलकीपरनं दुसरी. झाकायची ती जवळच्या पोस्टची बाजू. भिंतीतला सगळ्यात बाहेरचा माणूस बॉल आणि जवळचा पोस्ट यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित बाहेर उभा हवा, म्हणजे बाहेरून वळवलेला फटका अडतो. गोलकीपरनं पोस्टला चिकटून भिंत जुळवत बसू नये. तो तिथं असताना पटकन किक आली की अख्खा गोल उघडा. त्यापेक्षा आपल्या एका फॉरवर्डनं नियमाचं अंतर ठेवून बॉलच्या मागच्या बाजूला उभं राहून हातानं डावी-उजवी सांगावी. उंच माणूस बाहेरच्या बाजूला, सगळे खांद्याला खांदा लावून, हात अंगाशी. हात पसरलेला असेल आणि बॉल लागला तर हँडबॉल, आणि ते डीत असेल तर पेनल्टी.

उडी मारायची की नाही हे आधी ठरवा. सगळ्यांनी उडी मारली की खालून सरपटत गेलेला फटका गोलकीपरला दिसतच नाही. एकानं मागं आडवं झोपावं किंवा भिंतीनं पाय जमिनीवर ठेवावेत.

2019 पासून तीन किंवा जास्त जणांची भिंत असेल तर आक्रमण करणाऱ्यांनी तिच्यापासून किमान 1 मीटर लांब राहायचं, बॉल खेळात येईपर्यंत. भिंतीत घुसून ढकलाढकल करायची जुनी सवय असलेल्यांना हे कळत नाही, आणि गोल झाल्यावर इनडायरेक्ट फ्री किक समोरच्यांना मिळाली की ते रेफ्रीवर धावतात.

डीच्या अगदी आत, समजा गोलपासून 7 मीटरवर इनडायरेक्ट मिळाली तर? बचाव करणाऱ्यांना गोलपोस्टच्या मधल्या गोलरेषेवर उभं राहता येतं, मग अंतर 9.15 पेक्षा कमी असलं तरी चालतं. अकराही जणांना रेषेवर लावा, गोलकीपर मध्यभागी. पहिला बॉल हलला की मधले तिघं-चौघं सरळ बॉलवर धावतील, कडेचे पोस्टजवळचे दोघं जागा सोडणार नाहीत. हलण्याआधी धावलात तर किक पुन्हा, आणि कार्डही मिळू शकतं. गुन्हा लहान डीत, म्हणजे 5.5 मीटरच्या चौकटीत घडला असेल तर आक्रमणाची इनडायरेक्ट किक त्या चौकटीच्या पुढच्या रेषेवर, जवळच्या बिंदूवरून घेतात. बचावाच्या संघाला तिथं फ्री किक असेल तर त्यांनी चौकटीत कुठूनही घ्यावी.

पेनल्टीच्या वेळी गोलकीपर

बॉल मारला जाईपर्यंत गोलकीपरच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, तिच्या सरळ रेषेत किंवा मागं हवा. दोन्ही पायांनी पुढं उडी मारली की चूक. तो मारणाऱ्याकडे तोंड करून पोस्टच्या मध्येच असावा, पोस्ट, बार किंवा जाळीला हात लावू नये, मारणाऱ्याचं लक्ष विचलित करेल असं वागू नये. तो पुढं आला आणि बॉल अडवला तर पेनल्टी पुन्हा. पुढं आला पण बॉल बाहेर गेला किंवा पोस्टला आदळला तर, त्याच्या हालचालीनं मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच पुन्हा. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पिवळं.

मारणाऱ्यानं धावताना गती कमी-जास्त करणं चालतं. धाव पूर्ण झाल्यावर थांबून फसवणं चालत नाही: पिवळं आणि समोरच्यांना इनडायरेक्ट. ओल्या मैदानावर पाय घसरून बॉल दुसऱ्याही पायाला लागतो, तसं मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या शूटआउटमध्ये अॅटलेटिको माद्रिदच्या हुलियान अल्वारेझचं झालं आणि त्याचा गोल रद्द ठरला. त्यानंतर नियमाचा अर्थ स्पष्ट करण्यात आला: दोन स्पर्श चुकून झाले आणि बॉल आत गेला तर पेनल्टी पुन्हा, आत गेला नाही तर समोरच्यांना इनडायरेक्ट, आणि शूटआउटमध्ये ती हुकलेली धरतात.

गोलकिक, कॉर्नर, थ्रो, किकऑफ

गोलकिक लहान डीत कुठूनही, संघातला कुणीही मारू शकतो. बॉल हलला की सुरू. समोरचे मोठ्या डीबाहेर. निघायला वेळ मिळालाच नाही म्हणून कुणी आत राहिला असेल आणि तुम्ही पटकन मारलीत, तर खेळ चालू. म्हणून जवळ फॉरवर्ड रेंगाळत असेल तर छोटा पास देण्याआधी तो बाहेर जाईपर्यंत थांबा. गोलकिक, कॉर्नर आणि थ्रो या तिघांवर थेट ऑफसाइड नाही. फ्री किकवर आहे; लांब फ्री किकला पुढं पळत सुटणारे फॉरवर्ड हे विसरतात.

कॉर्नरला बॉल चौथाई वर्तुळात हवा, झेंडा काढायचा नाही, समोरचे वर्तुळापासून 9.15 मीटर लांब.

थ्रोला तोंड मैदानाकडे, दोन्ही पायांचा काही भाग साइडलाइनवर किंवा बाहेर, दोन्ही हातांनी डोक्याच्या मागून वरून. चूक झाली तर थ्रो समोरच्यांना. मैदानात येण्याआधीच बॉल जमिनीला लागला तर मात्र तोच संघ पुन्हा टाकतो. अडवायला उभा राहणारा किमान 2 मीटर लांब. थेट थ्रोवरून गोल होत नाही.

किकऑफ 2016 पासून कुठल्याही दिशेला मारता येतो, मागंसुद्धा, आणि समोरच्या गोलात थेट गेला तर गोल धरतात.

ड्रॉप बॉल

दोघांच्या मध्ये बॉल टाकून 'घ्या' म्हणायची पद्धत 2019 मध्ये संपली, तरी गावाकडच्या सामन्यांत अजून दिसते. आता बॉल एकाच खेळाडूला दिला जातो, बाकी सगळे दोन्ही संघांचे 4 मीटर लांब. खेळ थांबला तेव्हा बॉल मोठ्या डीत होता तर बचावाच्या गोलकीपरला. बाहेर असेल तर ज्यांच्या ताब्यात होता किंवा जाणार हे रेफ्रीला स्पष्ट दिसत होतं त्यांना; ते स्पष्ट नसेल तर शेवटचा स्पर्श ज्यांचा त्यांना. जमिनीला टेकला की खेळ सुरू. दोन वेगवेगळ्या खेळाडूंना लागल्याशिवाय त्यावरून गोल होत नाही.

आपल्या मैदानांवर हा नियम कुत्र्यांमुळं आणि शेजारच्या सामन्यातून आलेल्या दुसऱ्या बॉलमुळं जास्त लागतो. नुसतं कुत्रं आत आलं म्हणून खेळ थांबवायची गरज नाही, खेळात अडथळा आला तरच. गोलात जाणारा बॉल त्याला लागूनही आत गेला, आणि बचावाच्या खेळाडूला त्यामुळं अडथळा झाला नाही, तर गोल. लागून बाहेर उडाला तर ड्रॉप बॉल, गोल नाही, कितीही वाईट वाटलं तरी. बॉल रेफ्रीला लागून ताबा बदलला, आशादायक चाल सुरू झाली किंवा थेट गोल झाला तरी ड्रॉप बॉल.

टर्फवर आणि सात-सातच्या स्पर्धांत

फुटसालचे (पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावरच्या फुटबॉलचे) नियम वेगळे: फ्री किकला अंतर 5 मीटर, गोलकीपरला चार सेकंद, थ्रोऐवजी पायानं किक. पाच-पाच किंवा सात-सातच्या स्थानिक स्पर्धा बहुधा मिश्र नियमांवर चालतात. नाव नोंदवतानाच आयोजकांकडून हे लेखी घ्यावं: बॅक पास लागू आहे का, गोलकीपरची वेळ किती, भिंतीचं अंतर किती. तीनच प्रश्न, पण सगळी भांडणं यांतली.

मैदान आखताना

आयोजकांनी एक न ताणणारी दोरी कायम ठेवावी. तिच्यावर टेपनं मोजून 1, 5.5, 9.15, 11 आणि 16.5 मीटरवर वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधाव्यात. गाठी मारू नयेत, गाठीत दोरीची लांबी जाते. पोस्टच्या आतल्या कडेपासून 5.5 आणि 16.5 मोजा, मोठी डी रुंदीला 40.32 आणि लहान 18.32 मीटर भरली पाहिजे. पोस्टची रुंदी 7.32, उंची 2.44 तपासा. गोलरेषेच्या मध्यापासून 11 मीटरवर पेनल्टीचा ठिपका, तिथं खुंटी ठोकून 9.15 च्या दोरीनं डीबाहेरचा कंस, कोपऱ्याला 1 मीटरचं चौथाई वर्तुळ.

पावसाळ्यात फक्की टिकत नाही म्हणून काही ठिकाणी कुदळीनं चर काढतात. नियमात चर आणि तुटक रेषा चालत नाहीत, आणि पाय मुरगळतात ते वेगळंच. त्यापेक्षा डीच्या कोपऱ्यांना मैदानाच्या पातळीत बसतील असे छोटे रंगीत कापडी तुकडे खिळ्यानं, डोकं जमिनीत पूर्ण दाबून बसवा. पाऊस थांबला की मध्यंतरात तिथून तिथवर फक्की पुन्हा टाकता येते. कॉर्नरच्या वर्तुळापासून 9.15 मीटरवर, गोलरेषेच्या बाहेर तिला काटकोनात एक छोटी खूण करा. नियम ती खूण करू देतो, आणि कॉर्नरच्या वेळी रेफ्रीला पावलं मोजत बसावं लागत नाही.